पाणी कुठं मारायचं नाही आणि कुठं कमी पडू द्यायचं नाही

नांदेडजवळच्या कृष्णूर एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात शिफ्ट सांभाळणाऱ्या एका तरुणानं विचारलंय: "आमच्या गोदामात थायोनिल क्लोराईड आणि फॉस्फरस ऑक्सिक्लोराईडचे ड्रम असतात, सोडियम हायड्राईड असतं, थोडं सोडियमही असतं. ट्रेनिंगमध्ये 'यांना पाणी चालत नाही' एवढं सांगून पुढची स्लाईड लावली. उद्या ड्रम फुटला किंवा आग लागली तर करायचं काय? आणि बंब तर पाणीच घेऊन येणार, त्यांना काय सांगायचं?"

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांत सेफ्टीचं काम करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. त्या भरवशावर सांगतो. उत्तर लांबणार आहे, कारण "पाणी चालत नाही" ही पाटी खोटी नसली तरी अपुरी आहे, आणि नेमकी ऐन वेळी अपुरी पडते.

आधी कळीचा चुना आठवा. गावाकडं घर पांढरं करायला चुना विरवताना तुम्ही पाहिलं असेल. कळीवर तांब्याभर पाणी शिंपडलं की ती तडकते, फुटते, वाफेचा भपका येतो आणि चेहऱ्यावर उडालं तर डोळा जातो. तीच कळी पाण्यानं भरलेल्या हौदात थोडी थोडी सोडली की रटरटते, पण ताब्यात राहते. एक किलो कळी विरताना तीन-साडेतीन लिटर पाण्याला उकळी येईल एवढी उष्णता बाहेर पडते. ती उष्णता झेलायला पाणी किती आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. माल जास्त आणि पाणी थोडं, ही सगळ्यात वाईट जोडी. भोपाळला 2 डिसेंबर 1984 च्या रात्री हीच जोडी जमली: सुमारे चाळीस टन मिथाईल आयसोसायनेट भरलेल्या टाकीत पाणी शिरलं, टाकी तापत गेली आणि वायू सुटला.

आता तुमच्या गोदामाकडं येतो. तिथं एकाच पाटीखाली दोन वेगळ्या जाती ठेवल्या आहेत. दोघींना एक नियम लावला की घोटाळा होतो.

पहिली जात धुराळणाऱ्या द्रवांची: थायोनिल क्लोराईड, फॉस्फरस ऑक्सिक्लोराईड, क्लोरोसल्फोनिक ॲसिड, ओलियम (धुराळणारं सल्फ्युरिक ॲसिड). यातलं थायोनिल क्लोराईड स्वतः पेटत नाही. पाणी मिळालं की सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराईड सोडतं. हिशोब करून पाहा, एका किलोपासून साधारण सहाशे लिटर वायू. तीनशे किलोचा ड्रम पूर्ण फुटला आणि सगळ्याला पाणी मिळालं तर 180 घनमीटर. एक चांगला मोठा हॉल भरेल एवढा, तोही विषारी आणि हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत सरकतो आणि खड्ड्यात, गटारात, पंप हाऊसमध्ये जाऊन बसतो.

माझ्या समोर घडलेला प्रसंग सांगतो, कारखान्याचं नाव राहू द्या. जुलैचा महिना, रिपरिप पाऊस. फोर्कलिफ्टच्या काट्यानं थायोनिल क्लोराईडच्या ड्रमला खालच्या बाजूला भोक पडलं. पाच-सात लिटर सांडलं असेल. पांढरा धूर निघत होता, पण उभं राहून पाहता येईल इतपतच. तेवढ्यात ठेकेदाराच्या एका पोरानं होज ओढला आणि फरशी धुवायला घेतली. त्याची चूक म्हणता येत नाही. काही सांडलं की धुऊन काढायचं, हेच त्याला रोज शिकवलं होतं. दोन मिनिटांत समोरचा माणूस दिसेना. पोराला दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं, सुदैवानं बरा झाला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की अशा गोदामात आगीपेक्षा साफसफाईची सवय जास्त घात करते. तुमच्या गोदामाच्या आत आणि दारापासून होज पोहोचेल एवढ्या अंतरात धुण्याचा नळ असेल तर तो आधी काढून टाका.

मग सांडल्यावर करायचं काय? माणसं वाऱ्याच्या वरच्या बाजूला काढा. वारा कळायला मूठभर धूळ सोडून पाहिली तरी पुरते, फक्त भर पावसाळ्यात धूळ मिळत नाही, म्हणून छतावर वाऱ्याची पिशवी हवीच. सुरुवातीला चारही बाजूंनी किमान 50 मीटर जागा मोकळी करा. त्यानंतरचं पहिलं काम गटार बंद करण्याचं, आणि हे बहुतेक लोक विसरतात. पावसाळ्यात गटारात पाणी असतंच. सांडलेला द्रव तिथं पोहोचला की तुम्ही होज न लावताही पाणी मारल्यासारखंच होतं. गटाराच्या तोंडावर टाकायला रबरी मॅट आणि कोरड्या वाळूच्या पिशव्या जवळच, पण गोदामाच्या बाहेर ठेवा.

मग पाठीवर हवेचा सिलिंडर आणि अंगात रसायन न झिरपणारा सूट घातलेली दोन माणसं आत जातील. हवा गाळणाऱ्या डबीचा मास्क लावून कुणाला आत पाठवू नका. वायू किती आहे हे माहीत नसताना ती डबी फसवते. ड्रमचं भोक वर येईल असा तो फिरवला की निम्मं काम झालं. सांडलेल्यावर कोरडी वाळू किंवा व्हर्मिक्युलाईट (द्रव शोषणारे हलके खनिज दाणे) टाकून झाकायचं आणि कोरड्या फावड्यानं कोरड्या, सैल झाकणाच्या ड्रममध्ये भरायचं. झाकण गच्च आवळलं तर आत दाब धरतो. भुसा, कापडी पोचा, गोणपाट यातलं काही वापरायचं नाही. ओलियम किंवा क्लोरोसल्फोनिक ॲसिडवर भुसा पडला तर तो काळा पडून पेटू शकतो.

फॉस्फरस ऑक्सिक्लोराईडबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तो लबाड आहे. पाण्यापेक्षा जड असल्यानं पाणी पडलं तरी तो गुपचूप तळाशी बसतो, सुरुवातीला फारसं काही होत नाही. बघणाऱ्याला वाटतं, काही झालं नाही. मग थोड्या वेळानं सगळा एकदम उसळतो. म्हणून चुकून पाणी पडलं आणि शांत दिसतंय तर जवळ जाऊन डोकावू नका. शांत दिसतंय म्हणूनच लांब राहायचं.

दुसरी जात सोडियम, सोडियम हायड्राईड, लिथियम, मॅग्नेशियमचा कीस यांची. इथं निघणारा वायू हायड्रोजन, आणि तो पेटायला लागणारी उष्णताही तीच क्रिया देते. तेलात मिसळलेलं साठ टक्क्यांचं सोडियम हायड्राईड एक किलो घेतलं तरी साधारण सहाशे लिटर हायड्रोजन सुटतो. हवेत चार टक्के झाला की तो पेटू शकतो, आणि भर दिवसा त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. हायड्रोजन वर जातो, छताखाली साठतो. म्हणून छताच्या माथ्याला झरोका असणं इथं फार मोलाचं. सोडियम पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळं पाण्यात ते बुडत नाही, वर तरंगत, पळत, फुटत राहतं. जळतं सोडियम उडून अंगावर येतं.

या जातीला पाणी नाही, फोम नाही आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही. मॅग्नेशियम तर कार्बन डायऑक्साइडमध्येही जळत राहतं. नेहमीचा एबीसी पावडरचा सिलिंडर जोरात फवारतो, त्यानं धातू विस्कटतो आणि आग पसरते. लागते ती डी क्लासची, म्हणजे धातूंच्या आगीसाठीची पावडर, लांब दांड्याच्या नळीतून हळूच सोडलेली. कडेपासून मध्याकडं, पिठाची चाळण धरल्यासारखी. बोटभर थर बसू द्यायचा आणि मग हात लावायचा नाही. वरचा थर मोडून "विझली का" म्हणून पाहणारा एक तरी उत्साही माणूस असतोच. थर मोडला की पुन्हा पेटतं. कित्येक तास तसंच राहू द्या. डी क्लासचा सिलिंडर नसेल तर कोरडा सोडा ॲश (धुण्याचा सोडा) चालतो, आणि तो तुमच्या कारखान्यात ॲसिड शमवायला बहुधा पोत्यांनी असतोच. सोडियमला कोरडी वाळूही चालते. लिथियमला मात्र वाळू नको, जळतं लिथियम वाळूशीच क्रिया करतं.

"कोरडी वाळू" हा शब्द जितका सोपा वाटतो तितका नाही. आपल्या लाल बादल्या आठवा. भिंतीला टांगलेल्या, अर्ध्या उघड्यावर, वर बिडीची थोटकं आणि गुटख्याच्या पिचकाऱ्या. पावसाळ्यात त्यातली वाळू मुठीत दाबली तर लाडू वळतो. एका ठिकाणी सोडियमच्या छोट्या आगीवर असलीच वाळू पडलेली मी पाहिली आहे. टाकणारा हुशार आणि धीट होता, नियमाप्रमाणंच वागला, आणि फाट्कन आवाज होऊन जळते कण त्याच्या गमबुटावर आले. वाळू भट्टीत किंवा लोखंडी पत्र्यावर तापवून, थंड करून, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक ड्रममध्ये भरा आणि ड्रमवर तारीख घाला. दर महिन्याला मुठीत दाबून पाहा. लाडू वळला तर वाळू बदला.

आता बंबाचा प्रश्न. बंबवाल्यांवर रोष धरू नका, त्यांना रात्री अडीच वाजता फक्त "कंपनीत आग" एवढंच कळलेलं असतं. धुराळणाऱ्या द्रवांच्या बाबतीत जाणकारांची रीत अशी: द्रव आगीत सापडलेला नसेल तर त्याच्यावर पाणी नको. पण तोच मोठ्या आगीत सापडला तर, पाणी मुबलक असेल तरच, पूर्ण जागा पाण्यात बुडवायची आणि बाष्प फवाऱ्यानं खाली बसवायचं. पाणी मुबलक नसेल तर फक्त बाष्पावर धुकट फवारा धरायचा, द्रवावर थेंबही नाही. सोडियम, हायड्राईडसारख्या धातूंच्या जातीला मात्र ही सवलत नाही. तिथं मोठी आग असेल तर कोरडं साहित्य टाका, नाहीतर मागं सरका आणि जळू द्या.

आता आपला भाग कोणता ते बघा. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एका साध्या बंबात साडेचार-पाच हजार लिटर पाणी असतं आणि मोठ्या पंपानं ते चार-पाच मिनिटांत संपतं. पुढचा टँकर कधी येईल कोण सांगणार! म्हणजे मराठवाड्यात "भरपूर पाणी" हा पर्याय बहुतेक ठिकाणी फक्त कागदावर असतो. सुरुवात करून मधेच पाणी संपणं म्हणजे कळीवर तांब्याभर पाणी शिंपडणंच. म्हणून तुमच्या कारखान्यासाठी मी सरळ ठरवून टाकीन: गोदामावर पाणी नाही, शेजारच्या शेडच्या भिंती आणि सॉल्व्हंटच्या (पेट घेणाऱ्या द्रवांच्या) टाक्या थंड ठेवायला पाणी आहे, आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला बाष्प अडवायला फवारा आहे. हेही बघा की थंड करायला मारलेलं पाणी वाहत गोदामात शिरणार नाही. गोदामाचा ओटा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा हातभर उंच असेल तर ही चिंता उरत नाही.

जळू द्यायचं म्हणताना मॅनेजरचा चेहरा पडतो, मला माहीत आहे. माल लाखांचा असतो. पण दोनशे किलो हायड्राईड जळून जाऊ देणं हाच अनेकदा सगळ्यात शहाणा निर्णय असतो. तो रात्री गेटवर घ्यायचा नसतो, आधी लिहून, मालकाची सही घेऊन ठेवायचा असतो. तुमच्या ऑन-साईट प्लॅनमध्ये, म्हणजे कारखान्याच्या आपत्तीच्या आराखड्यात, ते वाक्य असलं पाहिजे. 1989 च्या घातक रसायनांच्या नियमांखाली येणाऱ्या कारखान्यांना असा आराखडा आणि दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल बंधनकारक आहे. या ड्रिलला बंबवाल्यांना बोलवा, आणि दर वेळी तीच ती "सॉल्व्हंटला आग" न दाखवता एकदा तरी पाणी न मारण्याचा सराव करा. पाईप हातात धरून उभं राहणं आणि न मारणं, हे अंगात मुरवावं लागतं.

गेटवरच्या सिक्युरिटीच्या केबिनमध्ये मराठीत एक पान लॅमिनेट करून लावा. त्यावर गोदाम कुठं आहे त्याचा नकाशा, कोणता हायड्रंट वापरायचा आणि कोणता नाही, आणि बंब आल्यावर म्हणायचं एक वाक्य: "साहेब, तीन नंबरच्या शेडवर पाणी मारू नका, आत सोडियम आहे, चार नंबरच्या भिंतीवर मारा." वॉचमनला हे वाक्य पाठ हवं. रात्रपाळीला तुमच्या कारखान्यातला सगळ्यात मोठा अधिकारी बऱ्याचदा तोच असतो.

एका गोष्टीवर मात्र नि:शंक राहा. माणसाच्या अंगावर पडलं तर पाणी लागतंच. "पाणी चालत नाही" हे ऐकून लोक भाजलेल्या माणसाला शॉवरखाली न्यायला घाबरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. धातूचा किंवा हायड्राईडचा कण अंगावर असेल तर तो आधी कोरड्या ब्रशनं किंवा चिमट्यानं झटपट काढा, आणि लगेच शॉवर. द्रव उडाला असेल तर वाट न बघता शॉवरखाली उभं करून तिथंच कपडे उतरवा आणि किमान पंधरा-वीस मिनिटं धार सोडा. शॉवरचं भरपूर पाणी म्हणजे भरलेला हौद. तिथं कळीची भीती नाही. डोळ्यांनाही तेवढाच वेळ. धूर श्वासात गेलेल्या माणसाला बरं वाटतंय म्हणून घरी सोडू नका. अशा वायूंनी फुफ्फुसात पाणी भरायला काही तास लागू शकतात, म्हणून 108 बोलवा आणि सोबत रसायनाचं नाव लिहिलेला कागद द्या.

तुम्ही विचारलं नाही, पण मराठवाड्यात अशी एक जात घरोघरी पोहोचली आहे: धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या. लातूर-नांदेडच्या सोयाबीन-तुरीच्या गोदामांत त्या रीतसर वापरतात. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो, हवेतली ओल पुरते. गोळ्यांचा डबा सांडला आणि कुणी झाडून पाण्याच्या बादलीत टाकला तर बादलीच पेटू शकते. वास लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा येतो, पण वास नाही म्हणजे वायू नाही असं समजू नका. फॉस्फिनवर उतारा नाही. गोळ्या कोरड्या हातमोज्यांनी उचलून उघड्यावर, माणसांपासून दूर ठेवायच्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून नाही.

रस्त्यावरचंही थोडं. गुजरातेतल्या अंकलेश्वर-दहेजकडून हैदराबादला जाणारे टँकर आपल्याकडून, धुळे-सोलापूर रस्त्यानं आणि पुढं नळदुर्ग-उमरग्याकडून जातात. कधी उलटला टँकर दिसला तर मागच्या पाटीवर वरच्या कप्प्यातला पहिला आकडा बघा. तो 4 असेल तर कोरडं साहित्यच वापरायचं, पाणी लागू द्यायचं नाही. त्याच कप्प्यात शेवटी इंग्रजी ई (E) अक्षर असेल तर लोकांना हलवण्याचा विचार करायचा. पाटी वाचायला जवळ जाऊ नका, मोबाईलच्या कॅमेऱ्यानं लांबून मोठं करून वाचा. गावकरी मदतीला घागरी घेऊन येतात, त्यांना थांबवा. जेसीबी आला तर बांध घालायला मुरूम घ्या. शेतातली काळी माती वरून कोरडी दिसली तरी ढेकळाच्या आत ओल धरून असते.

पावसाआधीचं काम मात्र पाऊस पडायच्या आत करा. मृग लागायच्या आधी एका दुपारी भर उन्हात गोदामाचं दार बंद करून आत उभे राहा आणि वर बघा; जिथून उजेडाचा ठिपका येतो तिथून पाणी येणार. एवढं पुरत नाही, कारण आपल्याकडं फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते. 2014 ची गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना सिमेंटच्या पत्र्यांचं काय झालं ते विचारा. गारपीट झाली की दुसऱ्या दिवशी नाही, त्याच संध्याकाळी या एका गोदामाचं छत तपासायचं. आणि आत स्प्रिंकलर किंवा पाण्याची, वाफेची पाईपलाईन जात असेल तर ती वळवून घ्या, खर्च कितीही येवो.

शेवटी रिकाम्या ड्रमांचं. हायड्राईडचा ड्रम रिकामा झाला म्हणून भंगारात काढतात, भंगारवाला तो धुवायला नळाखाली धरतो. तळाला, पिशवीच्या घड्यांत चार-सहा चमचे माल असतोच. तो प्रयोगशाळेतल्या माणसानं नायट्रोजनखाली, आयसोप्रोपाईल अल्कोहोल थेंब थेंब टाकत निकामी करायचा, हायड्रोजन निघून जाईल अशा मोकळ्या जागी, आणि बुडबुडे पूर्ण थांबल्यावरच ड्रमला पाणी दाखवायचं. तोपर्यंत ड्रमवर निळा, "ओला झाल्यास धोका" वाला स्टिकर राहू द्या आणि स्टोअरच्या चावीसारखी त्याचीही नोंद रजिस्टरमध्ये ठेवा.